व्यक्तिस्वातंत्र्य: कुंपण कुठे आहे आणि कुणासाठी

प्रश्न असा आहे: पूर्वेकडच्या संस्कृतींमध्ये व्यक्तिस्वातंत्र्याला किंमत कमी आणि पश्चिमेकडे जास्त, हे खरं का? आणि दोन्हीकडच्या माणसांशी कामाचा, नात्याचा किंवा उपचाराचा संबंध येतो तेव्हा हा फरक हाताळायचा कसा?

आधी थेट उत्तर. मोकळीक दोन्हीकडच्या माणसांना हवीच असते. मतभेद होतो तो लुडबूड कशाला म्हणायचं यावर. आईने मुलीसाठी नोकरी शोधली, मोठ्या भावाने धाकट्याचे कर्जाचे कागद मागून घेतले, नवऱ्याच्या आजाराची माहिती डॉक्टरांनी आधी बायकोला दिली. यातली कुठली गोष्ट परक्याची ढवळाढवळ आणि कुठली घरातल्या घरातली, हे प्रत्येक समाज वेगळं ठरवतो. 'मी'ची हद्द एखाद्याच्या लेखी स्वतःच्या कातडीपाशी संपते, दुसऱ्याच्या लेखी ती घराच्या उंबऱ्यापाशी. ती कुठे आहे हे कळेपर्यंत स्वातंत्र्य कमी की जास्त, हे मोजताच येत नाही.

शब्दांपासून सुरुवात केली की हे लवकर ध्यानात येतं. इंग्रजीतला 'फ्री', त्याच भाषेतला 'फ्रेंड' आणि संस्कृतातला 'प्रिय' हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. फ्री म्हणजे मुळात आपल्यातला, घरच्या जिव्हाळ्याचा, गुलाम नसलेला. लॅटिनमध्ये 'लिबेर' म्हणजे स्वतंत्र आणि 'लिबेरी' म्हणजे घरातली मुलं. म्हणजे जिथे स्वातंत्र्याचा अर्थ आज 'एकट्याचं' असा घेतला जातो, तिथेही शब्दाच्या तळाशी 'कुणाचा तरी असणं' आहे.

आपल्याकडचा 'स्वतंत्र' हा शब्द व्याकरणातही भेटतो. 'स्वतन्त्रः कर्ता' असं पाणिनीचं सूत्र आहे: क्रियेच्या बाबतीत जो आपल्या तंत्राने चालतो तो कर्ता. मराठीत मात्र 'तो आपल्याच तंत्राने चालतो' ही तक्रार आहे. 'स्वैर' या शब्दाचीही तीच गत. मूळ अर्थ स्वतःच्या गतीने जाणारा, आज त्याला 'आचार' जोडला की शिवीच होते. जपानमध्ये हेच झालं. 'जियू' या जुन्या शब्दाला मनमानीचा वास होता, म्हणून जपानी विचारवंत युकिची फुकुझावा यांना १८६६ साली पाश्चात्त्य व्यवस्थांची ओळख करून देताना खुलासा करावा लागला की या शब्दाने स्वार्थी मनमानी समजू नये. पुढे इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा १८५९ चा स्वातंत्र्यावरचा निबंध जपानीत आला तोही याच शब्दाने. चीनमध्ये यान फू यांनी त्याच निबंधाचं भाषांतर १९०३ मध्ये छापलं तेव्हा मथळ्यात स्वातंत्र्य हा शब्दच ठेवला नाही. मथळ्याचा अर्थ होता 'समूह आणि स्वतः यांच्या अधिकारांच्या सीमा'. काहींना ही भाषांतराची कसर वाटते. मला तरी हा मथळा मिलच्या मुद्द्याला मूळ मथळ्याहून जवळचा वाटतो, कारण मिलचा सगळा भर सीमेवरच आहे: दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने हात घालावा.

आता प्रयोगाकडे वळू, कारण या विषयातली सगळ्यात स्वस्त चूक म्हणजे 'पूर्वेकडची माणसं आज्ञाधारक, त्यांना कुणी ठरवून दिलेलं आवडतं' हे वाक्य.

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये छापलेला प्रयोग असा. सान फ्रान्सिस्कोतली सात ते नऊ वर्षांची मुलं, काही गोऱ्या अमेरिकन घरांतली, काही आशियाई वंशाच्या. समोर अक्षरं जुळवून शब्द करायच्या कोड्यांचे सहा गठ्ठे आणि सहा रंगांची पेनं. एका गटाला सांगितलं, तुम्हीच निवडा. दुसऱ्या गटासाठी प्रयोग घेणाऱ्या बाईंनी निवडलं. तिसऱ्याला सांगितलं की ही निवड तुमच्या आईने केली आहे. गोरी मुलं स्वतः निवडल्यावर सर्वात चांगली रमली आणि सर्वात जास्त कोडी सोडवली. बाईंनी निवडो की आईने, त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच लादलेलं. आशियाई मुलांची सर्वोत्तम कामगिरी आईच्या निवडीवर, त्याखालोखाल स्वतःच्या निवडीवर. आणि बाईंच्या निवडीवर? तिथे तीही मागे पडली.

या शेवटच्या ओळीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. मुलं आज्ञाधारक असती तर बाईंच्या शब्दावरही तितकीच रमली असती. दुसऱ्या भागात पाचवीतली मुलं आणि संगणकावरचा गणिताचा खेळ होता. खेळातल्या अगदी किरकोळ गोष्टी स्वतःच्या वर्गाने ठरवल्या तर आशियाई मुलं खूश, दुसऱ्या शाळेतल्या मुलांनी ठरवल्या तर नाराज. परक्याची लुडबूड त्यांनाही खुपली. फक्त आई आणि वर्ग हे त्यांच्या हिशेबात परके नव्हते.

प्रौढांच्या बाबतीत जोन मिलर यांचं भारतीय आणि अमेरिकन लोकांवरचं काम याच दिशेचं आहे. मदत करणं अपेक्षितच आहे असं वाटलं की अमेरिकन माणसाला त्यातली 'मी स्वतः ठरवलं' ही भावना आणि समाधान कमी जाणवतं. भारतीय माणसाला अपेक्षा असूनही ते आपल्या मर्जीचंच वाटू शकतं. 'कर्तव्य म्हणून केलं' या एकाच वाक्याचा अर्थ एकीकडे 'नाइलाजाने केलं', दुसरीकडे 'मनापासून केलं'. सल्लागार, व्यवस्थापक, दुभाषे अडखळतात ते नेमके इथे.

म्हणून 'तुम्ही हे स्वतःच्या इच्छेने करता का?' हा प्रश्न एकटा कधीच विचारू नये. त्याचं उत्तर 'हो' येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी कारण विचारावं आणि उत्तर चार पायऱ्यांवर ठेवून पाहावं. सर्वात खाली दट्ट्या: नाही केलं तर पैसे बंद होतील, मार बसेल, घराबाहेर काढतील. त्याच्या वर टोचणी: नाही केलं तर मलाच अपराधी वाटेल, लोक काय म्हणतील. तिसरी पायरी पटण्याची: मला सोयीचं नाही, पण यात अर्थ आहे. सर्वात वर आपलंसं झालेलं: मी असाच आहे, यात वेगळं ठरवायचं काय.

व्हॅलेरी चिर्कोव, रिचर्ड रायन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार देशांतल्या विद्यार्थ्यांना अशीच कारणं विचारली. प्रथा एकट्याच्या बाजूची असो की कुटुंबाच्या, ती वरच्या पायऱ्यांवरून पाळणाऱ्यांची मनःस्थिती चारही देशांत अधिक चांगली निघाली. स्वायत्त असणं आणि अलग असणं या दोन गोष्टी सुट्या करून पाहायला हव्यात, हा या कामाचा गाभा. आईवडिलांसोबत राहणारा तिशीतला मुलगा पूर्ण स्वायत्त असू शकतो. अठराव्या वर्षी घर सोडलेला 'सगळे सोडतात म्हणून' सोडून बसलेला असू शकतो, म्हणजे दुसऱ्या पायरीवर.

आकड्यांचंही सांगायला हवं, कारण कार्यशाळांमध्ये सर्वात जास्त गोंधळ तेच घालतात. देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे डच संशोधक खीर्त होफस्टेड यांच्या मूळ तक्त्यात व्यक्तिवादाच्या मापावर अमेरिकेला ९१, भारताला ४८, जपानला ४६ असे गुण आहेत. हे आकडे भिंतीवर लावले की सगळ्यांना विषय समजल्यासारखं वाटतं. पण ते आले कुठून? आयबीएम कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून. माप बसवलं गेलं ते नोकरीकडून काय हवं या प्रश्नांवर: स्वतःसाठी वेळ, कामात मोकळीक आणि आव्हान एका टोकाला, प्रशिक्षण, कामाची जागा-सोयी आणि कौशल्याचा वापर दुसऱ्या टोकाला. लग्न कोण ठरवतं, पगार कुणाच्या हाती जातो, म्हातारपणी कुणी कुणाकडे राहायचं, यातलं काहीही त्या मापात नाही. शिवाय तो देशाचा आकडा आहे, माणसाचा नव्हे. समोर बसलेल्या जपानी सहकाऱ्याला ४६ गुण लावणं म्हणजे शहराच्या सरासरी तापमानावरून एखाद्याचा ताप सांगणं.

प्रश्नावल्यांची आणखी एक खोड. 'मी माझ्या मनाप्रमाणे वागतो' याला माणूस एक ते सात गुण देतो तेव्हा तो मनात तुलना शेजाऱ्यापाजाऱ्यांशी करतो. टोकियोतला माणूस टोकियोतल्यांशी, टोरोंटोतला टोरोंटोतल्यांशी. दोन्हीकडची सरासरी चारच्या आसपास आली की 'फरकच नाही' असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा असू शकतो, कारण मोजपट्ट्याच दोन होत्या. यावर उपाय म्हणजे मत न विचारता घटना विचारणं: गेल्या वर्षभरात तू घेतलेला सर्वात मोठा निर्णय कोणता, तो आधी कुणाला सांगितलास, कुणी नाही म्हटलं असतं तर थांबला असतास?

उलट बाजूची चूक म्हणजे वागणुकीवरून थेट आवड ठरवणं. हीजुंग किम आणि हेझल मार्कस यांचा पेनांचा प्रयोग याचं नेहमीचं उदाहरण. पाच पेनांत एखादं वेगळ्या रंगाचं असेल तर गोरे अमेरिकन लोक बहुधा वेगळं उचलतात, पूर्व आशियाई लोक बहुधा जास्त संख्येतलं. यातून 'त्यांना वेगळेपण आवडत नाही' असा अर्थ काढला गेला. तोशिओ यामागिशी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यात छोटासा बदल केला: पेन निवडणारे तुम्ही शेवटचे आहात, तुमच्यानंतर कुणी नाही, असं स्पष्ट सांगितलं. दोन्हीकडचा फरक जवळजवळ गेला. म्हणजे जपानी माणसाची आवड अमेरिकनासारखीच होती, फक्त मागच्याचं एकुलतं वेगळं पेन आपण उचलू नये ही सावधगिरी होती. बैठकीत गप्प बसलेल्या माणसाला मत नाही असं समजण्याआधी हे आठवावं.

'पश्चिम' हा एकच तुकडा आहे हे गृहीत धरलं तर पहिल्याच कायद्यापाशी ठेच लागते. फ्रान्समध्ये १८०४ च्या नागरी संहितेपासून आजवर बाप मुलांना पूर्ण बेदखल करू शकत नाही. एक मूल असेल तर अर्धी, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव. भारतात मात्र हिंदू माणूस स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देऊ शकतो, मुलांना एक पैसाही न ठेवता. 'व्यक्तिवादी' युरोप आणि 'कुटुंबवादी' भारत या चित्रात हे कुठे बसवायचं? म्हाताऱ्या आईवडिलांना पोसण्याचा कायदा सिंगापूरने १९९५ मध्ये केला, भारताने २००७ मध्ये. चीनमध्ये २०१३ पासून मुलांनी वरचेवर भेटायला जावं हेही कायद्यात आहे. पण फ्रान्सच्या संहितेतही गरजू आईवडिलांना पोसणं मुलांवर बंधनकारक आहे, आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१२ मध्ये आईच्या शुश्रूषागृहाचं सुमारे ९३,००० डॉलरचं बिल न्यायालयाने मुलावर टाकलं. जर्मनीत मोजके अपवाद सोडले तर मूल शाळेत न घालता घरी शिकवता येत नाही. अमेरिकेत ते सर्रास चालतं. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून देशाच्या निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे.

स्वीडनची तऱ्हा आणखी निराळी. तिथे माणूस कुटुंबापासून मोकळा झाला तो सरकारच्या आधाराने. १९७१ पासून नवरा-बायकोच्या पगारावरचा कर स्वतंत्र, विद्यार्थ्याला शिक्षणाची मदत त्याच्या नावावर, बापाचं उत्पन्न न पाहता. म्हणजे बायको नवऱ्यावर अवलंबून नाही, मूल बापावर नाही, पण सगळे मिळून सरकारी व्यवस्थेवर. अमेरिकन माणसाला हा सरकारचा विळखा वाटतो, स्वीडिश माणसाला कुटुंबाच्या विळख्यातून सुटका. दोघेही स्वातंत्र्याचंच नाव घेत असतात.

आणि व्यक्तिवाद म्हणजे सैल नियम असंही नाही. मिशेल गेलफंड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३३ देशांत सामाजिक नियम किती करकचून आवळलेले आहेत हे मोजलं. आकडा जितका मोठा तितके नियम घट्ट: भारत ११.०, जपान ८.६, अमेरिका ५.१, युक्रेन १.६. या यादीत एरवी व्यक्तिवादी समजला जाणारा नॉर्वे ९.५ वर आहे, जपानच्याही वर. कसं राहायचं ते तुझं तू ठरव, पण रांग मोडलीस तर खबरदार, अशी ही मांडणी.

वैद्यकीय क्षेत्रात हा विषय सर्वात टोकदार होतो, आणि इथेच 'संस्कृती' हा शब्द किती जपून वापरावा हेही दिसतं. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या ८०० वृद्धांना विचारलं होतं: पसरलेला कर्करोग असेल तर रुग्णाला सांगावं का? युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी ८७ टक्के हो म्हणाले, कोरियन वंशाच्यांपैकी ४७ टक्के. झटकन निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण १९६१ मध्ये अमेरिकेतल्याच डॉक्टरांच्या पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते आणि १९७९ मध्ये तसाच प्रश्न विचारल्यावर ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे. अठरा वर्षांत देश बदलला नव्हता, धर्म बदलला नव्हता. उपचार सुधारले, रुग्णांच्या हक्कांचा आग्रह वाढला, संमतीचे नियम आले. ज्याला आपण हजारो वर्षांची पाश्चात्त्य परंपरा समजतो त्यातलं बरंचसं एका पिढीचं आहे.

व्यवहारात काय करावं? तपासण्यांचे निकाल हाती येण्याच्या आधी, रुग्णाला एकट्याला विचारावं: 'तुम्हाला स्वतःला किती माहिती हवी? कुणासमोर हवी? निर्णय तुम्ही घेणार की कुणाला सोपवणार?' उत्तर नोंदवून ठेवावं. माहिती मिळवणं हा जसा अधिकार आहे तसाच ती ऐकण्याचं काम मुलीवर सोपवणं हाही अधिकारच आहे, फक्त सोपवणारा तो स्वतः असला पाहिजे. नातेवाइकांनी बाहेर गाठून 'त्यांना सांगू नका' म्हटलं तर ते सोपवणं झालं नाही. आणि हा प्रश्न निकाल आल्यावर विचारला तर त्या प्रश्नातूनच निकाल कळतो, म्हणून वेळ महत्त्वाची.

दोन संस्कृतींमधलं जोडपं, परदेशात वाढलेली मुलं आणि इथले आईवडील, एकत्र घरातली सून आणि सासू, या सगळ्यांत 'स्वातंत्र्य' या शब्दावर चर्चा करणं निरुपयोगी असतं. निर्णयांची यादी करावी. बारा पुरतात: शिक्षणाची शाखा, नोकरी बदलणं, राहायचं गाव, जोडीदार, मूल कधी, पगारातला घरी द्यायचा वाटा, मोठी खरेदी, आजारपणाची माहिती, कपडे आणि खाणं, देवधर्म, सुट्टी कुठे घालवायची, आईवडिलांनी उतारवयात कुठे राहायचं. प्रत्येकापुढे शून्य ते चार यातला एक आकडा. शून्य म्हणजे माझं मी ठरवीन, कळवायचीही गरज नाही. एक, ठरवून मग कळवणार. दोन, ठरवण्याआधी सल्ला घेणार, पण शेवटचा शब्द माझा. तीन, समोरच्याचा होकार आल्याशिवाय पुढे जाणार नाही. चार, समोरच्यानेच ठरवावं. दोन रकाने: आज काय आहे आणि काय असावं. प्रत्येकाने वेगळ्या खोलीत, वीस मिनिटांत भरायचं, मग शेजारी शेजारी ठेवायचं. एका आकड्याचा फरक सोडून द्यावा. दोन किंवा जास्तीचा फरक असलेल्या ओळींवरच बोलावं; बारापैकी बहुधा तीन-चारच निघतात, आणि 'आमचं कशातच जमत नाही' हा समज तिथेच गळून पडतो.

यात बिघडतं ते कुठे, तेही सांगतो. एकत्र बसून भरलं तर थोरले आधी बोलतात आणि धाकट्यांचे आकडे तेच होतात. 'तसं काही ठरलेलं नसतं' असं लिहून आकडा टाळला तर तक्ता फुकट. तेव्हा मागच्या खऱ्या प्रसंगाचा आकडा घालायला सांगावा. सर्वात मोठा घोळ दोन आणि तीन यांच्यात होतो, आणि मराठीत तर तो आपली भाषाच घालते. 'मला विचारलंस का?' यात विचारणं म्हणजे सल्ला की परवानगी? मुलगा म्हणतो, 'बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं.' त्याने दोन क्रमांकाचं विचारलं होतं. बाबा म्हणतात, 'मी कुठे हो म्हटलं?' त्यांनी तीन क्रमांकाचं ऐकलं होतं. खोटं कुणीच बोलत नाही. म्हणून अशा घरात 'विचारणे' हा शब्द काही महिने बाजूला ठेवून 'सल्ला हवाय' किंवा 'परवानगी हवी आहे' असं स्पष्ट म्हणायची सवय लावली तर निम्मी भांडणं होतच नाहीत. ऐकायला पोरकट वाटतं, पण चालतं.

कार्यालयातला प्रकार थोडक्यात. 'तुझ्या पद्धतीने कर' हे वाक्य एका माणसाला विश्वास वाटतो, दुसऱ्याला वाऱ्यावर सोडल्यासारखं. रोज खुशाली विचारणारा वरिष्ठ एकाला पहारेकरी, दुसऱ्याला पाठीराखा. यावर मधला मार्ग काढू नये. तीन गोष्टी पक्क्या सांगाव्यात: काय निकाल हवा, कधीपर्यंत, आणि न विचारता किती खर्चापर्यंत निर्णय घेता येईल. त्यापुढची मोकळीक किती हवी हे त्यालाच ठरवू द्यावं. मत हवं असेल तर प्रश्न आदल्या दिवशी लेखी द्यावा. ऐनवेळी 'कुणाला काही म्हणायचंय?' असं विचारलं की ज्यांना बोलायची सवय आहे तेच बोलतात.

आता अवघड भाग. 'आमच्या संस्कृतीत असंच असतं' हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं तो बहुतेक वेळा त्या व्यवस्थेत वरच्या पायरीवर बसलेला असतो. १९९० च्या दशकात सिंगापूरच्या ली कुआन यू यांनी 'आशियाई मूल्यां'चा मुद्दा लावून धरला: आमच्याकडे कुटुंब आणि सुव्यवस्था आधी. १९९४ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम दे-जुंग यांनी त्याला उत्तर दिलं की आशियाच्या विचारपरंपरेतही लोकशाहीची बीजं आहेत आणि संस्कृती म्हणजे ललाटलेख नव्हे. हा माणूस हुकूमशाहीत तुरुंगवास भोगलेला आणि फाशीची शिक्षा सुनावला गेलेला. १९९८ मध्ये तोच राष्ट्राध्यक्ष झाला. दोघेही आशियाईच. मग आशियाचं मत कुणाचं धरायचं?

आपल्याकडे हा वाद घटनासमितीतच मिटवला गेला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं की मसुद्याने गावाला बाजूला सारून व्यक्तीला एकक मानलं याचा त्यांना आनंद आहे. हे युरोपाकडून उसनं घेतलं, ही टीका तेव्हाही झाली. पण गावगाड्यात ज्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागा आली, त्याला 'समूहातलं सुरक्षित स्वातंत्र्य' ऐकवणं म्हणजे थट्टा होती. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या घडणीत चीनचे पी. सी. चांग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते. पहिल्या कलमातला 'सर्व पुरुष' असाही अर्थ होणारा शब्द काढून 'सर्व माणसं' असा बदल भारताच्या हंसा मेहता यांच्या आग्रहाने झाला. २९ वं कलम माणसाच्या समाजाप्रती कर्तव्यांचं आहे. हा दस्तऐवज केवळ पाश्चात्त्य आहे असं म्हणणाऱ्यांनी तो बहुधा शेवटपर्यंत वाचलेला नसतो.

तेव्हा आदर कुठवर करायचा आणि हस्तक्षेप कुठे करायचा, यासाठी मी एकच कसोटी वापरतो: नाही म्हणणाऱ्याचं काय होतं? रुसवा, टोमणे, दोन महिने अबोला, एवढंच होत असेल तर ती संस्कृती आहे आणि ती त्यांची त्यांनी निस्तरायची. पासपोर्ट काढून घेतला जातो, शिक्षण बंद होतं, कोंडून ठेवतात, जिवाची भीती असते, तर पूर्व-पश्चिमेचा प्रश्नच उरत नाही. पश्चिमेकडच्या घरांनाही ही कसोटी तशीच लावावी. 'तू पूर्ण स्वतंत्र आहेस' असं सांगून अठराव्या वर्षी रिकाम्या हाताने बाहेर काढलेल्या मुलापुढेही पर्याय फारसे नसतात, भले त्याच्या निर्णयात कुणी ढवळाढवळ केलेली नसेल.

यातूनच वरच्या तक्त्याची मर्यादाही ठरते. पैसे, घर किंवा व्हिसा पूर्णपणे एकाच्या हातात असेल तर दुसऱ्याने भरलेले आकडे खरे नसतात. तो समोरच्याला चालतील असेच आकडे भरतो. अशा वेळी तक्ता काढूच नये. कमकुवत बाजूच्या माणसाला आधी एकट्याला, वेगळ्या दिवशी भेटावं, आणि दुभाषा लागत असेल तर तो घरातला किंवा ओळखीतला नसावा.